झाकण उघडून जायचं कुठे? अवकाश-वसाहत संस्थेच्या संस्थापकांना खुलं पत्र

प्रति,
अवकाश-वसाहतीच्या शिक्षण व संशोधनासाठी ना-नफा संस्था काढू पाहणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

तुमची घटना अजून कच्च्या मसुद्यात आहे, विश्वस्त ठरायचे आहेत, निधीची जमवाजमव चालू आहे. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहिते आहे. एकदा नियमावली छापून झाली आणि इमारतीचा नकाशा मंजूर झाला की सूचना ऐकून घेतल्या जातात, पण त्यांचं पुढे काही होत नाही. मी २१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. रॉकेटच्या कामाशी माझा कधी संबंध आला नाही. बंद बरण्या मात्र मुलांबरोबर पुष्कळ तयार केल्या आहेत, आणि मला जे सांगायचं आहे ते त्या बरण्यांनीच शिकवलेलं आहे.

मागण्या दोनच आहेत. संस्थेचा पहिला पैसा, पहिली माणसं आणि पहिली दहा वर्षं बंद जागेत जगण्याच्या अभ्यासाला द्या. आणि फसलेल्या प्रयोगाची नोंद सगळ्यांसाठी खुली ठेवण्याचं बंधन घटनेतच घाला, पुढच्या कुठल्याही कार्यकारिणीला सहजासहजी काढता येणार नाही असं.

आता बरणीबद्दल. दरवर्षी आठवीच्या वर्गात आम्ही पाच लिटरची काचेची बरणी घेतो. तळाला धुतलेली वाळू, वर दोन दिवस साठवून ठेवलेलं पाणी, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या तीन-चार काड्या आणि दोन गोगलगाई. झाकण लावून कडेने मेण ओततो. तिथून पुढे आत फक्त खिडकीतला उजेड जातो. मुलं रोज वहीत लिहितात: पाण्याचा रंग, काडीवरचे बुडबुडे, गोगलगाय कुठे आहे. पहिला आठवडा सगळे खुशीत असतात. एका वर्षी १६व्या दिवशी एक गोगलगाय तळाशी आडवी पडली ती हलेचना. मुलांनी ‘झोपली आहे’ असं लिहिलं. १८व्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मेलेल्या गोगलगाईला कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू वापरत होते. पाणी गढूळ झाल्यामुळे हायड्रिलाला उजेड कमी पडत होता, म्हणजे नवा प्राणवायूही कमीच तयार होत होता. दुसरी गोगलगाय काचेवरून चढत चढत बरणीच्या गळ्यापर्यंत आली आणि पाण्याच्या वर, मेणाच्या कडेला चिकटून बसली. दोन दिवस ती तिथून खाली उतरली नाही.

वर्गात भांडण जुंपलं. निम्म्यांना झाकण उघडायचं होतं, निम्म्यांना प्रयोग मोडायचा नव्हता. २१व्या दिवशी आम्ही सुरीने मेण खरवडलं आणि झाकण काढलं. कुबट वास वर्गभर पसरला. त्या दिवशी वहीची पाळी ज्या मुलीची होती तिने लिहिलं, ‘झाकण उघडलं म्हणून ती वाचली. चंद्रावर असतो तर झाकण उघडून गेलो कुठे असतो?’

हा प्रश्न मोठ्या माणसांनी मोठ्या बरणीत विचारून पाहिलेला आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या ओरॅकल गावाजवळ बायोस्फिअर-२ नावाची काचेची प्रचंड वास्तू उभी आहे. सुमारे सव्वा हेक्टर जागेवर आत छोटं वर्षावन, छोटा समुद्र, वाळवंट आणि शेती. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ जण आत गेले आणि बरोबर दोन वर्षांनी बाहेर आले. त्या दोन वर्षांत ते भुकेने हडकले. परागीभवन करणारे कीटक मेले, मुंग्या आणि झुरळं मात्र फोफावली. पण सगळ्यांत मोठा घोळ झाला तो हवेचा. प्राणवायूचं प्रमाण २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत १४ टक्क्यांच्या आसपास आलं, म्हणजे समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर राहिल्यासारखं. अखेर जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. आम्ही मेण खरवडलं तसंच.

शिक्षिका म्हणून मला यातला पुढचा भाग फार मोलाचा वाटतो. प्राणवायू कोण खातं हे लवकर कळलं: शेतासाठी मुद्दाम आणलेली कुजलेलं खत भरलेली सुपीक माती, तिच्यातले जीवाणू. पण जीवाणूंनी जितका प्राणवायू घेतला, तितका कार्बन डायऑक्साइड हवेत दिसायला हवा होता, आणि तो दिसत नव्हता. हिशेब जुळेना. शोधता शोधता तो सापडला भिंतींमध्ये. काँक्रीटमधल्या चुन्याने कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला होता आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट झालं होतं. सातवी-आठवीतली मुलं चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालतात आणि निवळी पांढरी होते, ती हीच रासायनिक क्रिया. जगातल्या हुशार माणसांनी आखलेल्या त्या वास्तूत माती, झाडं, माणसं, यंत्रं सगळ्यांचा हिशेब मांडला होता. भिंतही श्वासाच्या हिशेबात धरावी लागते, हे ती बांधून, बंद करून, आत राहूनच कळलं.

त्या प्रयोगाची त्या काळी पुष्कळ टवाळी झाली. फसला, म्हणाले. मला तो फसला असं म्हणवत नाही. बंद वस्तीच्या भिंती कशाच्या असाव्यात हा प्रश्न आज कुणीही गांभीर्याने घेतो, त्यामागे त्या आठ जणांची धाप आहे.

माझाही एक अनुभव सांगते. एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही दोन बरण्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या, एक हिरवीगार आणि एक मेलेली, आणि मधे दोन्हींच्या वह्या. परीक्षकांनी मेलेली बरणी टेबलाखाली ठेवायला सांगितली, कारण ‘पाहुणे येणार आहेत.’ मुलांनी ती ठेवली. माझा खरा राग स्वतःवर आहे, कारण मी तेव्हा गप्प बसले. त्या दिवशी मुलं काय शिकली याचा विचार केला की अजून वाईट वाटतं.

तुमची संस्था ना-नफा असण्याचा अर्थ मी इथे लावते. कर-सवलत मिळते, देणग्या घेता येतात, हे ठीकच. पण ज्या कंपनीत लोकांनी परताव्यासाठी पैसे घातले आहेत, तिला आपली मेलेली बरणी टेबलाखाली ठेवावीच लागते. यात तिचा दुष्टपणा नाही, धंद्याची रीतच तशी आहे. सरकारी संस्थांनाही पुढच्या वर्षीच्या तरतुदीची काळजी असते. ‘आमचं हे जमलं नाही, आणि ते असं जमलं नाही’ हे पूर्ण आकड्यांनिशी लिहिता येईल अशी एक तरी जागा हवी. ती जागा तुम्ही होऊ शकता. त्यासाठी घटनेत साध्या भाषेत लिहा: प्रत्येक प्रयोगाचे मूळ आकडे ठरलेल्या मुदतीत जाहीर होतील, प्रयोग यशस्वी झाला असो वा नसो, आणि कुठल्याही देणगीदाराला ते थांबवता येणार नाहीत. यामुळे काही मोठ्या देणग्या हातच्या जातील. जाऊ द्यात.

लहान पैशांवर हे काम चालतं याचा दाखला तुमच्याच क्षेत्रात आहे. १९६९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवताना जेरार्ड ओ’नील यांनी विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवला: वाढत्या तंत्रसमाजाला राहायला ग्रहाचा पृष्ठभाग हीच खरोखर योग्य जागा आहे का? विद्यार्थ्यांनी गणितं केली आणि उत्तर ‘नाही’ असं आलं. त्यावरचा लेख छापून यायला १९७४ उजाडलं. त्याआधी तो परत परत नाकारला गेला होता. त्याच वर्षी या विषयावरची पहिली छोटी बैठक झाली, तिला ६०० डॉलरची मदत होती. पुढच्या उन्हाळ्यात नासाच्या एम्स केंद्रात आणि स्टॅनफर्डमध्ये दहा आठवडे अभ्यासगट बसला आणि त्यातून दहा हजार माणसांच्या वर्तुळाकार वस्तीचा आराखडा निघाला. १९७७ मध्ये ओ’नील यांनी स्पेस स्टडीज इन्स्टिट्यूट ही ना-नफा संस्था काढली. चंद्रावरचा माल विद्युतचुंबकांनी अवकाशात फेकणाऱ्या यंत्राचे नमुने त्या काळात बनले, त्यात विद्यार्थ्यांचे हात होते. म्हणजे तुमच्या संस्थेला पूर्वज आहेत. त्यांचे कागद नीट वाचा, आणि त्यांनी काय नंतरसाठी ठेवलं तेही पाहा.

त्या चक्राकार वस्तीचं गणित मी नववीला देते. ती स्वतःभोवती फिरत राहते, म्हणून आतल्यांना वजन जाणवतं. मिनिटाला एक फेरी आणि पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर त्रिज्या किती? उत्तर जवळजवळ ८९४ मीटर येतं. मिनिटाला दोन फेऱ्या घेतल्या तर २२४ मीटर. मुलं एका तासात सोडवतात आणि वस्ती बांधून झाल्यासारखी खूश होतात. मग मी विचारते, आत दहा हजार माणसं श्वास घेतायत. एका माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो प्राणवायू लागतो आणि तो साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. तर हा माल रोज कोण उचलणार? वर्ग शांत होतो. पहिलं गणित गतिशास्त्राचं आहे आणि ते शंभर वर्षांपूर्वीही सुटत होतं. दुसरं अजून पूर्ण सुटलेलं नाही.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २ नोव्हेंबर २००० पासून माणसं सलग राहतायत. तिथे २०२३ मध्ये पाण्याचा पुनर्वापर ९८ टक्क्यांपर्यंत नेता आला. फार मोठं काम आहे ते. लघवी, घाम, श्वासातली वाफ, सगळं गोळा करून परत पिण्याचं पाणी. पण राहिलेल्या दोन टक्क्यांचा हिशेब करून बघा. रोज वापरलेल्या पाण्यातले दोन टक्के परत येत नसतील, तर ५० दिवसांत एका अख्ख्या दिवसाचं पाणी गेलं. पृथ्वीवरून मंगळाकडे निघायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. तेवढ्यात जवळपास १६ दिवसांचं पाणी गेलं. स्थानकावर मालवाहू यान येतं आणि तूट भरून काढतं. अन्न तर जवळजवळ सगळंच खालून जातं. वस्ती म्हणजे ज्या दिवशी ते यान आलं नाही तरी चालतं, तो दिवस. त्या दिवसापासून आपण किती लांब आहोत हे मोजणं हेच तुमचं संशोधन असावं, असं मला मनापासून वाटतं.

या दिशेने चिकाटीने काम केलेले लोक आहेत. सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कमध्ये बायोस-३ नावाच्या ३१५ घनमीटरच्या बंद जागेत १९७२-७३ मध्ये तीन-तीन जणांनी १८० दिवसांचा प्रयोग केला. बीजिंगच्या बेहांग विद्यापीठातल्या ‘चांद्रमहाल-१’ मध्ये विद्यार्थी आळीपाळीने एकूण ३७० दिवस राहिले, तो प्रयोग २०१८ मध्ये संपला. युरोपीय अवकाश संस्थेचा मेलिसा प्रकल्प १९८९ पासून चालू आहे; बार्सिलोनातल्या त्याच्या प्रयोगशाळेत माणसांच्या ऐवजी उंदीर ठेवतात, आणि त्यांच्या श्वासाला लागणारा प्राणवायू स्पिरुलिना नावाचं शेवाळ पुरवतं. एकेक कप्पा बांधायचा, वर्षानुवर्षं चालवून बघायचा, मगच पुढच्याला जोडायचा. इतकी वर्षं झाली तरी माणूस आत जायचा आहे. अशा कामाला तीन वर्षांचं अनुदान पुरत नाही. म्हणून विश्वस्त निवडताना तिसाव्या वर्षी वह्या कोण सांभाळणार हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा. मूळ निधी गुंतवून फक्त व्याज खर्च करायचं असं बंधन घालता आलं तर फारच बरं.

गुरुत्वाकर्षणाबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण इथे अवकाश-वस्त्यांच्या चित्रांनी आपली सगळ्यांची फसगत केली आहे. वजनरहित अवस्थेत हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, हे माहीत आहे. रशियन अंतराळवीर वलेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस मीर या रशियन अवकाश स्थानकावर राहिले, तो अजूनही सर्वांत लांब मुक्काम आहे. म्हणजे शून्य वजनाबद्दल आपल्याकडे माहिती आहे, आणि पृथ्वीवरच्या पूर्ण वजनाबद्दल तर आहेच. मधलं काय? चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक-षष्ठांश, मंगळावर ३८ टक्के. चंद्रावर आजवर बारा माणसं चालली आणि त्यांतल्या सर्वाधिक काळ राहिलेल्यांनी तिथे तीन दिवसांहून थोडा अधिक वेळ काढला. ३८ टक्के वजनात माणसाचं शरीर पाच वर्षांत कसं होईल, हे आज पृथ्वीवर कुणीच सांगू शकत नाही. गर्भधारणा आणि जन्म दोन्ही अवकाशात झालेला एकही सस्तन प्राणी आजवर नाही. मुलं जन्मतील की नाही हे ठाऊक नसताना आपण ‘वस्ती’ हा शब्द वापरतो. शिकवताना हे लपवू नका. उलट पहिल्याच तासाला सांगा. खरी अडचण सांगितली की चांगला विद्यार्थी सरसावून बसतो, हा माझा रोजचा अनुभव आहे.

मातीचंही तसंच. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेल्या चांद्रमातीत फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये पहिल्यांदा रोपं उगवून दाखवली. बी रुजलं, कोंब आले, सगळे आनंदले. पण रोपं खुरटली, आणि ताणाखाली असलेल्या झाडांची लक्षणं त्यांच्यात दिसली. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार असल्याचं २००८ मध्ये नासाच्या फिनिक्स यानाने दाखवून दिलं. ते माणसाच्या थायरॉइड ग्रंथीला घातक. ‘तिथल्या मातीत शेती करू’ हे वाक्य उच्चारायला सोपं आहे. ते खरं करायला मृदाशास्त्रज्ञ, जीवाणूंचे जाणकार आणि हातात माती घेऊन वाढलेला शेतकरी लागेल.

म्हणून तुमच्या अभ्यासक्रमात प्रवेश फक्त अभियंत्यांना ठेवू नका. परिचारिका, नळजोडणी करणारे, वेल्डर, स्वयंपाकी, वकील, शिक्षक यांना घ्या. बंद वस्तीत गळका सांधा जो ओळखेल तोच आधी उपयोगी पडेल. शाळकरी मुलांसाठी स्पर्धा घ्याल तर एक विनंती. नासाच्या एम्स केंद्राने १९९४ पासून मुलांसाठी अवकाश-वस्तीची आराखडा-स्पर्धा चालवली, तिने पुष्कळ मुलांना या विषयाकडे ओढलं. तुमच्या स्पर्धेत त्यात एका पानाची भर घाला. प्रत्येक आराखड्यासोबत मुलांनी ‘हे कुठे मोडेल’ एवढं एक पान लिहावं, आणि निम्मे गुण त्या पानाला द्यावेत.

नावाबद्दलही बोलायला हवं. ‘वसाहत’ हा शब्द वसण्यातून आला. घरं बांधून, संसार मांडून राहणं. पण त्याच शब्दाला ‘वाद’ जोडला की दुसऱ्याची जमीन बळकावण्याचा सगळा इतिहास समोर उभा राहतो. इंग्रजीतही ओ’नील यांच्या १९७४ च्या लेखात वसाहतीकरणासाठीचा जुना शब्द होता, तर त्या उन्हाळी अभ्यासगटाचा अहवाल १९७७ मध्ये निघाला तेव्हा मथळ्यात वस्तीचा शब्द आला. आपल्या भाषेत ‘वस्ती’ हा साधा शब्द आहेच. संस्थेच्या नावात तो घ्या. नाव बदलल्याने वृत्ती बदलेल असा माझा भ्रम नाही. पण रोज तोंडात येणारा शब्द हळूहळू मनावर परिणाम करतो. १९६७ चा अवकाश करार सांगतो की चंद्रावर वा इतर खगोलावर कुठल्याही राष्ट्राला सार्वभौमत्वाचा दावा करता येणार नाही, आणि बिगरसरकारी संस्थांच्या अवकाशातल्या कामांची जबाबदारीही त्यांच्या राष्ट्रांवर आहे. तिथे जन्मलेल्या मुलाचं नागरिकत्व कुठलं, हवेचं यंत्र ज्याच्या ताब्यात त्याच्याविरुद्ध संप करता येईल का, यावर आत्ताच विचार करणारी दोन-चार कायद्याची माणसं संस्थेत पगारावर हवीत. ज्या जागी श्वासही कुणाकडून तरी घ्यावा लागतो तिथे मालक आणि कामगार हे नातं फार भयानक होऊ शकतं. हे मी अतिशय गंभीरपणे म्हणते आहे.

पृथ्वीवर इतके प्रश्न असताना हे कशाला, असं तुम्हाला विचारतील. मला तर दर वर्षी पालक विचारतात. मी त्यांना बरणी दाखवते. पाणी परत परत वापरणं, कचऱ्यातून खत, थोड्या जागेत अन्न, हवेचा ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब, यातलं काय पृथ्वीला नको आहे? आणि दुसरंही एक उत्तर माझ्याकडे आहे, ते मी पालकांना सांगत नाही, पण तुम्हाला सांगते. मला खरोखर वाटतं की माणसाने तिथे राहावं. मी जाणार नाही, माझे विद्यार्थीही बहुधा जाणार नाहीत. तरी कुणीतरी, कधीतरी, दुसऱ्या आकाशाखाली सकाळी उठून झाडांना पाणी घालावं, ही कल्पना मला २१ वर्षं शिकवायला पुरली आहे.

तेव्हा पहिल्या वर्षी सभागृह बांधू नका. एक खोली बांधा, हवाबंद, दाराला जाड काच असलेली, आत झाडं आणि सुरुवातीला माणसांऐवजी मोजणी-यंत्रं. बाहेर एक बाक ठेवा, म्हणजे शाळेची मुलं येऊन बसतील आणि वहीत लिहितील. आतला प्राणवायू किती, हा आकडा दारावर मोठ्या अक्षरांत लागू दे, घसरत असेल तेव्हाही.

माझ्याकडे बरणीच्या १९ वह्या आहेत. तुमच्या ग्रंथालयात पहिली नोंद करायची तर त्या घ्या, मी स्वतः आणून देईन. सहाव्या वहीत नऊ पानं कोरी आहेत. सुट्टीत बरणीकडे कुणी पाहिलं नव्हतं आणि परत आलो तेव्हा आत काही उरलं नव्हतं. ती पानं मुलांनी नंतर भरायची म्हटली होती, मी भरू दिली नाहीत.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका